थंडीत बोटं पांढरी पडतात? रेनॉड समजून घेऊन हिवाळा कसा काढायचा

थंडीत हात गार पडणं वेगळं आणि बोट पांढरंफटक पडणं वेगळं. डिसेंबरात सकाळी नळाखाली हात धरला की गार तर सगळ्यांचेच पडतात, पण एखादीने फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली आणि तिची अनामिका टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पिवळट-पांढरी झाली, पांढरं कुठे संपतं तिथे स्पष्ट रेघ दिसतेय, शेजारचं बोट मात्र ठणठणीत, आणि त्या पांढऱ्या बोटाने कढीपत्त्याचं पान उचलायला गेलं तर पान हातात आलं की नाही तेही कळत नाही, तर हे नुसतं गार पडणं नाही. याला रेनॉड म्हणतात. घरचे लगेच म्हणतात अंगात रक्त कमी आहे, बीट खा, डाळिंब खा, खजूर खा. हिमोग्लोबिन १३ असलं तरी हाच सल्ला मिळतो, मी कॉलेजपासून ऐकतेय. रक्त अंगात भरपूर असतं हो, ते बोटापर्यंत पोचत नाहीये एवढंच.

शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना हे असतं, बायकांना जास्त, आणि बहुतेकांना साधं असतं म्हणजे मागे दुसरा कुठला आजार नसतो. त्रास होतो, पण बोट जात नाही. थोड्या लोकांमध्ये मात्र मागे काहीतरी असतं आणि ते वेळेत सापडणं महत्त्वाचं, त्यामुळे तो भाग वाचल्याशिवाय सोडू नका.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत: लोक बोटांच्या मागे लागतात, हातमोजे घेतात, त्यावर अजून जाड हातमोजे घेतात, आणि धड उघडं टाकतात. आधी धड गरम, मग बोटं. असं का ते कळायला आत काय चालतं ते बघावं लागेल.

आत नक्की काय होतं

कातडी ही शरीराची उष्णता बाहेर टाकायची जागा. त्यातही बोटांची टोकं, तळवे, तळपाय, कान, नाक, ओठ इथे रक्तवाहिन्यांची खास सोय असते, बारीक धमनी आणि बारीक शीर यांना थेट जोडणारे छोटे शॉर्टकट, मधलं केशवाहिन्यांचं जाळं टाळून जाणारे. उकडायला लागलं की हे शॉर्टकट उघडतात, गरम रक्त भसाभस कातडीखाली येतं आणि उष्णता बाहेर जाते. थंडी वाजली की ते बंद होतात, मग गरम रक्त छाती, पोट, डोकं इथेच फिरत राहतं. बोटाला नुसतं जगायला लागतं त्याच्या कितीतरी पट रक्त एरवी तिथून जात असतं, ते सगळं या उष्णतेच्या हिशोबासाठी. त्यामुळे थंडीत बोटांचं रक्त कमी होणं हा बिघाड नाहीच, शरीर बरोबर वागतंय.

हा बंद करायचा हुकूम दोन वाटांनी येतो, आणि हे दोन वाटांचं प्रकरण नीट समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिली वाट मेंदूकडून. चेहऱ्याला, मानेला, छातीला गार वारा लागला किंवा आतलं तापमान जरासं घसरलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस सिंपथेटिक नसांना (मेंदूचे निरोप नेणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंना) कामाला लावतो, त्या नसा रक्तवाहिनीच्या भिंतीपाशी नॉरअॅड्रिनलिन सोडतात आणि भिंतीतला स्नायू आवळतो. यात बोटांना थंडी लागलीच पाहिजे असं काही नाही, बोटं हातमोज्यात असली तरी हुकूम येतोच. टेन्शनची वाटही हीच. म्हणून इंटरव्ह्यूच्या आधी, तोंडी परीक्षेत, नको त्या माणसाचा फोन आला की मे महिन्यातसुद्धा बोटं पांढरी पडणारे लोक आहेत.

दुसरी वाट बोटातल्या बोटात. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींवर नॉरअॅड्रिनलिन पकडणारे रिसेप्टर असतात. त्यातला अल्फा-२सी नावाचा एक प्रकार एरवी, म्हणजे अंगाच्या तापमानाला, पेशीच्या पोटात गप्प पडून असतो. कातडी गार झाली की त्या पेशींतल्या मायटोकाँड्रियामधून ऑक्सिडंट रेणू जास्त बाहेर पडतात, त्याने रो-कायनेज नावाचं एन्झाइम चालू होतं, आणि हा गप्प रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतो. आता तेवढंच नॉरअॅड्रिनलिन कितीतरी जोरात लागतं. शिवाय स्नायू कॅल्शियमला जास्त दाद द्यायला लागतो, म्हणजे आवळला की घट्टच आवळतो. उंदरांच्या शेपटीतल्या बारीक धमन्या आणि लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी यांच्यावर २००० च्या आसपास झालेल्या प्रयोगांमधून हे बाहेर आलं.

रेनॉडमध्ये या दोन्ही वाटा असतातच, फक्त उत्तर गरजेपेक्षा फार मोठं येतं. नुसते शॉर्टकट बंद होऊन थांबत नाही, बोटाला रक्त नेणारी धमनीच आवळून बसते. उलट बाजूने, म्हणजे वाहिनी उघडायला मदत करणारी जी रसायनं आतल्या अस्तरातून निघतात, नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टासायक्लिन, ती या आवळण्यापुढे कमी पडतात.

मॉरिस रेनॉने (ज्याच्या नावावरून हे रेनॉड) १८६२ मध्ये पॅरिसला आपल्या प्रबंधात हे पहिल्यांदा व्यवस्थित मांडलं आणि दोष नसांना दिला. १९२९ मध्ये लंडनला थॉमस लुईसने नस बधिर करूनही बोट गार केल्यावर अटॅक, म्हणजे बोट पांढरं पडायचा झटका, येतो असं दाखवलं आणि म्हणाला दोष बोटातल्या वाहिनीतच आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर निघाले म्हणायचे. याच लुईसने अजून एक मजेशीर गोष्ट नोंदवली होती, बर्फाच्या पाण्यात बोट धरून ठेवलं तर पाच-दहा मिनिटांनी आवळलेल्या वाहिन्या आपोआप थोड्या उघडतात, परत आवळतात, परत उघडतात, असं चालू राहतं. बोट गोठू नये म्हणून केलेली ती सोय. रेनॉडवाल्यांमध्ये हे उघडणं उशिरा होतं किंवा नीट होतच नाही.

रंगांचं गणित आता सरळ आहे. पांढरं म्हणजे रक्त येणं बंद. निळं-जांभळं म्हणजे जे थोडं रक्त आत अडकलंय त्यातला ऑक्सिजन संपत आलाय. लाल म्हणजे दार उघडलं आणि रक्त धावत आलं, ठणका आणि मुंग्या खऱ्या तेव्हा येतात. तिन्ही रंग सगळ्यांना दिसत नाहीत, काहींना नुसतं पांढरं, काहींना पांढरं आणि निळं.

पहिली पायरी: हे रेनॉडच आहे का ते बघा

तीन प्रश्न स्वतःला विचारा. माझी बोटं इतरांपेक्षा थंडीला जास्त भितात का? थंडीत त्यांचा रंग बदलतो का? बदलतो तर पांढरा किंवा निळा होतो का? तिन्हीला हो असेल तर पुढे वाचा.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर एक अडचण होते. नेटवरचे फोटो गोऱ्या हातांचे असतात, त्यातलं खडूसारखं पांढरं आपल्याला दिसेलच असं नाही, बोटाच्या वरच्या बाजूला नुसतं राखाडी किंवा फिकट पिवळट दिसतं आणि आपण म्हणतो काही नाही. त्यामुळे हात उलटा करा, तळव्याकडून बोटांची टोकं बघा आणि नखांच्या खालचा रंग बघा. एक गुलाबी नख आणि शेजारचं पांढरं नख असं दिसलं की शंका उरत नाही.

आणि फोटो काढा, नक्की काढा. डॉक्टरकडे पोचेपर्यंत हात गुलाबी झालेले असतात आणि तुम्ही नुसतं वर्णन करत बसता. उजेडात, दोन्ही हात शेजारी शेजारी, तळव्याची बाजू आणि नखांची बाजू. किती वेळ टिकलं, कशाने सुरू झालं, कुठली बोटं, एवढं फोटोसोबत लिहून ठेवा. मात्र डॉक्टरला दाखवायचं म्हणून मुद्दाम बर्फात हात घालून अटॅक आणू नका, निदानाला त्याची गरज नसते.

रेनॉडसारखं दिसणारं बाकी काय काय असतं? हात कायमच निळसर, गार, घामट आणि दुखत नाहीत, तर ती अॅक्रोसायनोसिस असू शकते, ती अटॅकसारखी येत-जात नाही. थंडीत बोटं सुजून लाल-जांभळ्या गाठी आल्या, खाज सुटली, दिवसचे दिवस राहिल्या, तर ते चिलब्लेन. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या, अंगठा आणि पहिली दोन बोटं, रंग बदलत नाही, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. विडी-सिगारेट-तंबाखूवाला तरुण पुरुष, चालताना पाय भरून येतात, बोटाला जखम, तर तो बर्गरचा आजार (तंबाखूने हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत जाणं) असू शकतो, त्याला रेनॉड समजून घरी बसायचं नाही.

स्तनपान करणाऱ्या आयांसाठी एक ओळ, कारण कोणी सांगत नाही. बाळ प्यायल्यावर स्तनाग्र पांढरं पडून जळजळीत कळ येत असेल तर तेही रेनॉडच असू शकतं. बऱ्याचदा बुरशीचं इन्फेक्शन समजून मलमं दिली जातात आणि फरक पडत नाही. रंग बदलतो का ते बघा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

दुसरी पायरी: साधं आहे की मागे काही लपलंय

साधं रेनॉड बहुतेकदा वयात येताना ते तिशीच्या आत सुरू होतं, दोन्ही हातांना होतं, अंगठा बहुतेक वेळा सुटतो, घरात आईला किंवा मावशीला असतं, आणि बोटांना जखमा होत नाहीत.

हे असलं तर मात्र डॉक्टरकडे जायला उशीर नको: चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, एकाच हाताला होतं, पुरुषाला होतंय, बोटाच्या टोकाला जखम किंवा छोटे खड्डे पडलेत, बोटं सकाळी फुगलेली असतात आणि अंगठी जात नाही, बोटांची कातडी ताणलेली-चकचकीत झालीये आणि चिमटीत धरता येत नाही, सांधे दुखतात, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे येतात, तोंड-डोळे कोरडे पडतात, गिळताना अडकतं, छातीत जळजळ वाढलीये, जिना चढताना नव्याने दम लागतोय. यातलं काही असलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण स्क्लेरोडर्मा, ल्युपस असे संधिवाताच्या कुटुंबातले आजार रेनॉडने सुरुवात करतात आणि बाकीची लक्षणं कधी कधी काही वर्षांनी येतात. स्क्लेरोडर्मात तर बोटांच्या धमन्यांचं आतलं अस्तरच जाड होतं, म्हणजे नुसतं आवळणं नाही, रस्ताच अरुंद, म्हणून तिथे जखमा होतात.

आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, गरज वाटली तर रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा डॉक्टर. तो नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून डर्माटोस्कोपने किंवा कॅपिलरोस्कोपने, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाने, बघतो. कातडीतल्या केशवाहिन्या उघड्या डोळ्याला जवळजवळ दिसतील इतक्या जवळ असलेली ही शरीरातली एक सोयीची जागा. साध्या रेनॉडमध्ये तिथे हेअरपिनच्या आकाराच्या बारीक वाहिन्या ओळीत नीट उभ्या दिसतात. स्क्लेरोडर्मात काही फुगून प्रचंड झालेल्या असतात, मध्ये मध्ये जागा रिकाम्या असतात, बारीक रक्तस्राव दिसतो. दुखत नाही, सुई नाही, आणि माहिती भरपूर मिळते, त्यामुळे माझ्या मते महागड्या टेस्टच्या आधी हे व्हायला हवं. रक्तात साधारण सीबीसी, ईएसआर, थायरॉइड आणि एएनए (स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट) बघतात. एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणून रात्रभर गुगल करत बसू नका, धडधाकट माणसातही ते थोडंफार पॉझिटिव्ह येतं. नखाची तपासणी आणि लक्षणं यांच्यासोबतच त्याला अर्थ आहे.

तिसरी पायरी: अटॅक आलाय, आत्ता काय करायचं

थंडीतून बाहेर या, हे पहिलं. फॅनखालून उठा, एसीच्या झोतातून सरका, ओला हात पुसून कोरडा करा. ओल्या हातावरून पाणी उडतं तेव्हा तो अजून गार होतो, त्यामुळे नुसतं झटकून चालत नाही.

दुसरं, अंगावर काहीतरी चढवा. हो, हाताचं सोडून आधी शाल, जॅकेट, मफलर. पहिल्या वाटेने येणारा हुकूम थांबवायचा तर मेंदूला कळायला हवं की धड गरम आहे.

मग हात काखेत घाला किंवा पोटाशी धरा. जागा असेल तर हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवा, जोरात, रक्त बोटांच्या टोकाकडे ढकललं जातं. लोक बघतील, बघू देत. पाणी मिळत असेल तर कोमट पाण्यात हात बुडवा आणि आत बोटं हलवत राहा. कोमट म्हणजे किती ते बधिर बोटाने ठरवायचं नाही, कोपर बुडवून बघा किंवा घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगा.

गीझरच्या कडकडीत पाण्याखाली हात, गॅसच्या ज्योतीवर हात, तापल्या तव्यावर टॉवेल ठेवून शेक, शेकोटीत जवळजवळ घातलेले पंजे, हे सगळं बंद. बोटाला कळत नसतं, भाजलेलं नंतर समजतं. शिवाय रक्त फिरत नसल्यामुळे ती उष्णता वाहून नेणारं कोणी नसतं, त्यामुळे एरवी सोसेल एवढ्या उष्णतेनेही फोड येतो. गरम पाण्याची पिशवी वापरायचीच असेल तर हाताला नाही, पोटावर ठेवा.

हळूहळू निळं, मग लाल होईल, ठणकेल. गरम व्हायला लागल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकदा हात जागेवर येतो. तोवर सुरी, विळी, गरम कुकर यांच्या वाटेला जाऊ नका.

बोट तासन्‌तास पांढरं-निळं राहिलं, खूप दुखतंय, काळपट व्हायला लागलं, किंवा टोकाला जखम होऊन पू धरला, तर घरगुती उपाय नाहीत, त्याच दिवशी हॉस्पिटल.

जाता जाता, अटॅक चालू असताना किंवा हात गार असताना ऑक्सिमीटर लावू नका. त्याला बोटातली नाडी लागते, ती नसली की तो ८० काय ७० काय वाटेल ते आकडे दाखवतो आणि घरात पळापळ. हात गरम करून परत लावा.

चौथी पायरी: अटॅक येऊच नये म्हणून

खरं काम हे. आणि नुसत्या थंडीपेक्षा तापमान बदलतं तो क्षण जास्त त्रास देतो हे ध्यानात ठेवा, गरम पांघरुणातून गार फरशीवर, उन्हातून एसी मॉलमध्ये, गरम किचनमधून उघड्या फ्रीजरसमोर. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात तिथल्या माणसाला त्रास होतोच, पण मुंबईत राहून नुसत्या ऑफिसच्या एसीने हैराण असलेलेही आहेत.

सकाळपासून सुरू करू. उठण्याआधी स्वेटर आणि मोजे पांघरुणात घ्या, पाच मिनिटांनी आतच घाला, मग बाहेर या. शहाबादी फरशी असलेल्या घरात पायात स्लीपर हवीच. रिकाम्या पोटी गार कामाला लागायचं नाही, आधी काहीतरी गरम पोटात जाऊ दे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरा, फायदा कपाचाही आहे.

कपडे थरांमध्ये. आत थर्मल किंवा अंगाला बसणारी बंडी, वर स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी. मान आणि डोकं झाकलेलं. पहाटे काकडआरतीला किंवा मॉर्निंग वॉकला निघताना कानटोपीला लाजायचं नाही. धड नीट गरम असलं तर पातळ हातमोज्यातही बोटं टिकतात, आणि धड गारठलेलं असेल तर जाडजूड हातमोजाही काही करू शकत नाही, कारण हातमोजा म्हणजे थर्मास आहे, जे आत भरलं तेच टिकवतो. गार हात आत घातला तर गार हात टिकवेल! म्हणून हातमोजे घरातून निघण्याआधी, हात गरम असताना घालायचे, दारात कुलूप लावून झाल्यावर नाही. घट्ट नकोत, मनगटाशी रुतणारे नकोत. चारही बोटं एका खोळीत जातात ते मिटन सगळ्यात चांगले, बोटं एकमेकांना गरम ठेवतात.

किचन ही सगळ्यात अवघड जागा, कारण तिथे हात सतत ओले आणि सतत गार-गरम. कणीक कोमट पाण्याने भिजवा, पोळ्याही मऊ होतात. तांदूळ-डाळ चाळणीत धुवा, हात न घालता. भाजी आणि दूध फ्रीजमधून थोडं आधी काढून ठेवा. फ्रीजरसाठी एक जाड हातमोजा हुकला लटकवून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा की तो भांडी धरायला न्यायचा नाही. भांडी घासायला रबरी हातमोजे, आत पातळ सुती. ओले कपडे पहाटे वाळत घालू नका, ऊन आल्यावर घाला किंवा दुसऱ्या कोणाला तरी सांगा, ओलं कापड आणि वारा ही जोडी फार वाईट. देवपूजेत देव कोमट पाण्याने धुतले तरी चालतात, आमच्या घरात यावर थोडी चर्चा झाली, पण चाललं.

टू-व्हीलरवर तीन गोष्टी एकदम होतात, वारा, हँडलची घट्ट पकड आणि थरथर. छातीवरचा वारा अडवा, जुने लोक स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालायचे ते उगाच नाही, आजही काम करतं. वारा न शिरणारे हातमोजे घ्या, लोकरीचे विणलेले वाऱ्यात काही कामाचे नाहीत. लांब जायचं असेल तर मध्ये थांबून हात हलवा. हिवाळ्यात सकाळी बस किंवा शेअर रिक्षा जमत असेल तर उत्तम, त्यात कमीपणा काय.

ऑफिसात झोताखालची जागा बदलून मागा, न मिळाली तर खुर्चीला कायमची शाल. मनगटापासून कोपरापर्यंतचे बोटं उघडी ठेवणारे हातमोजे टायपिंगला बरे पडतात, कारण बोटांकडे जाणाऱ्या धमन्या मनगटातूनच जातात.

ट्रेक किंवा बर्फात जाणार असाल तर गाइडला आधी सांगा, कारण हिमदंशाचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. कॅनडा-जर्मनीतल्या आपल्या लोकांना तिथे बॅटरीवर चालणारे हातमोजे आणि खिशात ठेवायचे हँड वॉर्मर सहज मिळतात, ते वापरा, पण उघड्या बधिर कातडीला थेट चिकटवू नका.

कातडीची काळजीही यातच धरा. भेगा पडलेल्या बोटाला रक्त कमी मिळत असेल तर जखम भरायला वेळ लागतो. रात्री खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली, नखं फार खोल कापायची नाहीत.

पाचवी पायरी: तंबाखू, गोळ्या, मशीन

निकोटीन कातडीच्या वाहिन्या आवळतं. सिगारेट, विडी तर आलीच, पण आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखूवाल्या समजतच नाहीत आणि डॉक्टरने विचारलं तर नाही म्हणतात. मशेरी, तपकीर, गुटखा सगळं यात आलं. हे बंद न करता बाकीच्या पायऱ्यांना फार अर्थ नाही, स्पष्टच सांगते.

गोळ्यांची यादी घेऊन बसा. मायग्रेनसाठी किंवा धडधडीसाठी दिलेली प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, मायग्रेनचीच अर्गोटामिन, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन आणि फिनाइलएफ्रिन, एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट, कॅन्सरच्या औषधांतलं ब्लिओमायसिन आणि सिसप्लॅटिन, यांनी रेनॉड सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. स्वतःहून काही बंद करू नका, बीटा ब्लॉकर तर अजिबात अचानक थांबवायची नसते. डॉक्टरला विचारा बदलता येईल का.

मशीनवाल्यांसाठी. ब्रेकर, ग्राइंडर, दगडखाणीतलं ड्रिल वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात हे जुनं दुखणं आहे, अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डला चुनखडी कापणाऱ्या कामगारांच्या हातांचा अभ्यास अॅलिस हॅमिल्टनने १९१८ मध्ये केला होता. यात थरथरीने वाहिन्या आणि नसा दोन्हीला इजा होते, आणि उशीर केला तर ती पूर्ण भरून येत नाही. मशीन सलग चालवू नका, आलटून पालटून करा, पकड गरजेपुरतीच, हत्यार धारदार आणि दुरुस्त ठेवा म्हणजे कमी थरथरेल, हात कोरडे आणि गरम. बोटं पांढरी पडायला लागली की मुकादमाला आणि डॉक्टरला दोघांना सांगा.

सहावी पायरी: एवढं करूनही जमत नसेल तर औषधं

साध्या रेनॉडमध्ये बऱ्याच जणांना औषध लागतच नाही. लागलं तर बहुतेकदा सुरुवात कॅल्शियम चॅनल ब्लॉकरने होते, हळूहळू सुटणारी नायफेडिपिन किंवा अॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीचीच गोळी. वर सांगितलं ना की स्नायू कॅल्शियमवर आवळतो, ही गोळी पेशीत कॅल्शियम शिरायचा रस्ता अडवते. अटॅक पूर्ण बंद होतील अशी अपेक्षा नको, कमी येतात आणि कमी वेळ टिकतात. डोकं दुखणं, चेहरा तापणं, पाऊल सुजणं हे होऊ शकतं, आणि बीपी आधीच कमी असणाऱ्या बारीक मुलींना चक्कर येते, म्हणून कमी डोसपासून वाढवत नेतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. मेडिकलमधून वहिनीची बीपीची गोळी म्हणून आणून घ्यायची ही गोष्ट नाही.

याने भागलं नाही किंवा जखमा होत असतील, जे जास्त करून स्क्लेरोडर्मावाल्यांत होतं, तर पुढे सिल्डेनाफिल, जखमा परत परत होत असतील तर बोसेंटन, आणि बोट धोक्यात असेल तर हॉस्पिटलात शिरेतून आयलोप्रोस्ट असा रस्ता आहे. सिल्डेनाफिल नाव ऐकून लाजू नका, वाहिन्या उघडायचंच औषध आहे ते, फक्त हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर अजिबात चालत नाही.

मनाने बोटं गरम करायचं बायोफीडबॅक नावाचं ट्रेनिंग कोणी विकायला आलं तर २००० मध्ये छापलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात त्याचा साध्या रेनॉडवाल्यांना खास फायदा दिसला नव्हता, नायफेडिपिनचा दिसला होता. श्वासाचे व्यायाम, चालणं, झोप यांनी टेन्शनच्या वाटेवर फरक पडतो, तेवढ्यासाठी जरूर करा, फुकटही आहेत.

साधं रेनॉड असलेल्या पुष्कळ जणांना गोळी फक्त थंडीपुरती पुरते. दिवाळीच्या आसपास डॉक्टरकडे जाऊन सुरू करायची, होळीनंतर त्यांना विचारून थांबवायची. पण तुमचे अटॅक एसीने येत असतील तर तुमचा सीझन एप्रिल-मे असू शकतो, तेव्हा डॉक्टरला महिना न सांगता ती फोटोंसोबतची नोंद दाखवा आणि गोळी कधी चालू ठेवायची ते त्यावरून ठरवा.